उपासात काय सोडलंत?

दोन वर्षांपूर्वी वटारमध्ये बातमी पसरली की डॉक्टर प्लासिड गुरुवारी दुपारी दवाखान्याचं दार लोटून मेलेल्या बायकोशी बोलतात. एवढ्यावर थांबली असती तर कुणी लक्ष दिलं नसतं. बायको गेल्यावर बरेच पुरुष भिंतीशी बोलतात. पण बातमीचा पुढचा अर्धा भाग असा होता की बायको उत्तर देते.

बातमी आणली आमच्या आल्बिना मावशीनं. ती फुलांची रिकामी टोपली घेऊन दवाखान्यामागून येत होती. खिडकी अर्धी उघडी होती. मग ती विहिरीवर आली आणि टोपली खाली ठेवून सांगायला लागली, की डॉक्टरचा आवाज मी झोपेतही ओळखीन, घशात चिंचोका अडकल्यासारखा. तो म्हणाला, कधीपासून? आणि आतून बेटी बोलली. बेटीच. तीस वर्षं चर्चच्या गायनात माझ्या बाजूला उभी होती, मला कोण शिकवणार तिचा आवाज? संध्याकाळपर्यंत बातमी चार विहिरी फिरली. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर ऐकलं तेव्हा बेटीबाईंनी खिडकीतून हातही हलवला होता.

तर खरं असं आहे. डॉक्टर मेलेल्या बायकोशी बोलत नव्हते. तो आवाज माझा होता.

मला माणसांचे आवाज येतात. शिकावे लागत नाहीत, ऐकले की बसतात. फादर प्रवचनात ‘प्रिय बंधुभगिनींनो’ म्हणताना ‘भगिनींनो’ला श्वास संपवतात, तो श्वास माझ्याकडे आहे. आगाशीच्या एस.टी.चा कंडक्टर आहे. डॉक्टर प्लासिड तर फार सोपे. ते काही समजावताना आधी ‘म्हणजे बघ’ म्हणतात आणि वाक्य संपलं की घसा खाकरतात; खाकरले नाहीत तर समजायचं, अजून काहीतरी सांगायचं राहिलंय.

डॉक्टर मुंबईला शिकून एक्कावन्न साली गावात परत आले ते इथेच राहिले. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे घर, त्यामागे केळीची वाडी. लांबच्या पेशंटकडे सायकलने जात. मुलगा कुवेतला. बेटीबाई म्हणजे त्यांची बायको, शाळेत आम्हाला सातवीला मराठी शिकवायच्या. शुद्धलेखन घालून घालून त्यांना एक सवय लागली होती: वाक्याचा शेवटचा शब्द दोनदा म्हणायच्या. वर्गात तर म्हणायच्याच, बाजारातही म्हणायच्या. ‘ही भेंडी जून आहे. जून आहे.’ भेंडीवाली लिहून घेतेय की काय असं वाटायचं.

बाईंना बारा वर्षांचा डायबेटीस होता. दर गुरुवारी सकाळी डॉक्टर स्वतः परीक्षानळीत निळं औषध घालून, स्पिरिटच्या दिव्यावर धरून त्यांची लघवी तपासायचे. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर बाईंच्या चहाची साखर आठवडाभर बंद. एवढी काळजी घेणारा नवरा गावात दुसरा नव्हता, असं आमच्या घरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या.

एक्क्याऐंशी सालच्या उपासात बाई गेल्या.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी विडी, कुणी दारू. माझे बाबा तपकीर सोडतात आणि चाळीस दिवस सगळ्यांवर ओरडतात. काय सोडलंस हे कुणी कुणाला विचारत नाही. ते देवाचं आणि त्या माणसाचं. त्या वर्षी बेटीबाईंनी गायन सोडलं. गायनमंडळ चर्चच्या माळ्यावर बसतं, वर जायला उभा लाकडी जिना आहे. बाई खाली, अगदी शेवटच्या बाकावर, दाराशी बसायला लागल्या. लोक म्हणाले, केवढा मोठा त्याग, तीस वर्षांचं गाणं दिलं देवाला. मग त्यांनी विहिरीचं पाणी काढणं सोडलं, कामवाली लावली. मग बाजारात चालत जाणं सोडलं, बैलगाडीतून जायला लागल्या. त्याग वाढतच गेला.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवाराआधी तीन दिवस त्या म्हणत होत्या की थकल्यासारखं वाटतं, उगाच घाम येतो. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का? नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं. नाहीच दुखत तर काय सांगू, म्हणाल्या. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. औषध निळंच राहिलं. त्यांनी सोडा दिला आणि आराम कर म्हणाले. शनिवारी दुपारी बाई ओट्यावर बसून झावळ्यांचे क्रूस विणत होत्या. सतरा विणून झाले होते, अठरावा हातात होता.

नंतर मुंबईच्या एका मोठ्या हार्टच्या डॉक्टरने डॉक्टर प्लासिडना सांगितलं की डायबेटीस जुना झाला की हृदयाच्या नसा बोथट होतात. झटका येऊन जातो आणि छातीत दुखतही नाही. डॉक्टर घरी आले, कपाटातून जाड पुस्तक काढलं. त्यात तेच एका ओळीत लिहिलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. रेघ त्यांचीच होती, वीस वर्षांपूर्वीची.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि घसा खाकरला नाही.

पुढचे सहा महिने दर मंगळवारी ते मुंबईच्या हॉस्पिटलात जाऊन वॉर्डात उभे राहिले. वय अठ्ठावन्न. विशीतल्या पोरांच्या मागे, टाचा उंच करून. मग त्यांनी आगाशीपासून तुळिंजपर्यंतच्या बारा डॉक्टरांना पोस्टकार्डं लिहिली: दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्या दवाखान्यात यावे, मधुमेही रुग्णाचे हृदय या विषयावर तासभर बोलू, चहा मिळेल. चर्चच्या हॉलमधून बारा घडीच्या खुर्च्या आणल्या. सायकलच्या कॅरिअरला एका वेळी दोनच बसत, म्हणजे सहा खेपा आणायच्या, सहा खेपा पोचवायच्या.

पहिल्या गुरुवारी पाच आले. दुसऱ्या गुरुवारी तीन, त्यातला एक चहा पिऊन गेला. चौथ्यापासून एकच, बोळिंजचे डॉक्टर काशीराम. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, नवीन डिग्री, दवाखान्यात रोजची ऐंशी माणसं. ते येत, कारण लहानपणी त्यांचा टायफॉइड डॉक्टर प्लासिडनी बरा केला होता. येऊन तिसऱ्या खुर्चीवर बसत आणि डोळे उघडे ठेवून झोपत. डॉक्टर इंग्रजीत लिहिलेले कागद वाचत. अकरा खुर्च्या ऐकत.

मी एकदा म्हटलं, एकच माणूस येतो तर बारा खुर्च्या कशाला आणता? तर म्हणाले, “म्हणजे बघ, पत्रं बारा पाठवलीत.”

मी यात कशी आले ते सांगते, थोडक्यात. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मैत्रिणींना बेटीबाई करून दाखवत होते. ‘इनेझ, तुझं लक्ष कुठे आहे? कुठे आहे?’ पोरी हसत होत्या, एकदम थांबल्या. मागे डॉक्टर उभे. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, “आत ये. आणि परत बोल.”

मी परत बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, आता शेवटच्या महिन्यातली बेटी कर.

मी केली. करताना माझं मलाच कळलं, की शेवटच्या महिन्यात बाई शब्द दोनदा म्हणत नव्हत्या. शुद्धलेखन घालताना एकदाच म्हणायच्या आणि थांबायच्या, खांदे थोडे वर जायचे, मग पुढचं वाक्य. आमचे शब्द सुटायचे, तर आम्ही कुरकुर करायचो. ‘ही जून आहे’ पुढे काहीच नाही, नुसती जागा. मला वाटलं होतं, तेही त्यांनी उपासात सोडलं असेल.

डॉक्टरांनी नळ्यांच्या स्टँडकडे बघितलं. “दम पुरत नव्हता,” ते म्हणाले. “माझ्या घरात, माझ्या टेबलावर, दिवसातून तीन वेळा. आणि ते तुला ऐकू आलं.”

पुढच्या महिन्यात त्यांनी इंग्रजी कागद ड्रॉवरमध्ये टाकले. मला पेशंटच्या स्टुलावर बसवलं आणि डॉक्टर काशीरामना म्हणाले, ही बावन्न वर्षांची बाई आहे, बारा वर्षांची साखर, विचार काय विचारायचं ते. काशीराम हसले. त्यांची बोलायची पद्धत घाईची, प्रत्येक उत्तराला ‘बरं बरं बरं’ म्हणतात, तिसऱ्या ‘बरं’ला पेनाचं टोपण उघडलेलं असतं. छातीत दुखतं का? नाही. बरं बरं बरं. पोट साफ होतं का? होतं. बरं बरं बरं. आणि गॅसची गोळी लिहून मोकळे.

“बाई गेली,” डॉक्टर म्हणाले.

काशीराम तेव्हा पहिल्यांदा नीट बसले.

त्यानंतर दर महिन्याला हेच. मी कधी बेटीबाई, कधी खाडीकडची बायजा. बायजा म्हणायची, “पानी आनायचं सोडलं बगा, सून आनते. जीवदानीचा गड पन सोडला, देवीला खालनंच हात जोडते.” डॉक्टर मध्येच थांबवून काशीरामना दाखवायचे, की शेतात अनवाणी फिरणाऱ्या साखरेच्या पेशंटला काटा रुतलेला कळत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, मग तेच हृदयाचं होतं हे का विसरतो? लघवी निळी राहिली म्हणून खूश होऊ नका. पायाची सूज दाबून बघा, श्वास मोजा, रक्तदाब घ्या, शंका आली तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढायला पाठवा. आणि दुखतं का, असं विचारून थांबू नका. गेल्या दोन महिन्यांत काय करायचं सोडलं, ते विचारा. आमच्या लोकांना उपासात विचारा, कारण तेव्हा ते सगळं देवाच्या नावावर लपवतात.

काशीराम म्हणायचे, डॉक्टर, ऐंशी पेशंट असतात, कोणी काय सोडलं ते विचारत बसलो तर मलाच घर सोडावं लागेल. तरी यायचे.

आल्बिना मावशीने खिडकीतून ऐकलं ते अशाच एका गुरुवारी. मी लगेच खरं सांगणार होते. डॉक्टर म्हणाले, राहू दे, ज्यांना भीती वाटते ते तरी खिडकीतून चहाच्या वेळी डोकावणार नाहीत.

एक गोष्ट मात्र मावशीलाही ऐकू आली नव्हती. काशीराम गेले की डॉक्टर खुर्च्या मिटायला लागत. सहाव्या-सातव्या खुर्चीला, माझ्याकडे न बघता, ते म्हणत, “ते जेवणाचं वाक्य येतं का गं तुला?” मला यायचं. शाळा बाईंच्या घराला लागून, मधल्या सुट्टीत रोज ऐकलेलं. मी म्हणायचे, “प्लासिड, भात वाढलाय. वाढलाय.” चांगल्या दिवसांतल्या बेटीबाई. डॉक्टर घसा खाकरायचे आणि पुढची खुर्ची उचलायचे. पहिल्यांदा महिन्यातून एकदा. मग दर गुरुवारी, वर्ग असो नसो, मी वाडीवरून जाताना ते दारात असायचे. मग सोमवारीही. मला मजा वाटायची, एवढ्या एका वाक्याला एवढं गिऱ्हाईक. एका सोमवारी वाक्य म्हणून मी मागच्या दाराने निघाले, तर आत टेबलावर दोन ताटं मांडलेली दिसली.

मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. दुसरं ताट उचलून त्यांनी फडताळात ठेवलं, पुसलेलं असूनही पुन्हा पुसून.

पुढच्या वर्गाच्या गुरुवारी, गेल्या वर्षीच्या उपासात, काशीराम आले नाहीत. बारा खुर्च्या, आणि आम्ही दोघं. मी म्हटलं, संपलं, आता बंद करा, तो माणूस चहालाही येत नाही. एवढं सगळं केलंत पण काशीराम दवाखान्यात हा प्रश्न कधीच विचारणार नाहीत, ते गॅसचीच गोळी देणार.

“विचारेल,” डॉक्टर म्हणाले.

“पैज?”

“पैज. हरलो तर वर्ग बंद. सायकल तुझी. सायकलच नसली म्हणजे खुर्च्या आणायचा प्रश्न मिटला.”

मी सायकलला मनातल्या मनात घंटा बसवली. मग विचारलं, मी हरले तर?

ते खुर्ची मिटत होते. “तर बेटीचा आवाज पुन्हा काढायचा नाही. वर्गात नाही, गावात नाही, इथे नाही. मी मागितला तरी नाही. म्हणजे बघ, विशेषतः मी मागितला तर नाही.”

घसा खाकरला नाही. मी हो म्हटलं. मी हरणार नव्हतेच.

दोन आठवड्यांनी आल्बिना मावशीला बरं वाटेना. तिला नऊ वर्षांची साखर. डॉक्टर प्लासिडकडे चल म्हटलं तर म्हणाली, तिथे बेटी बसलेली असते, ती काय म्हणेल मला? म्हणून बोळिंजला. सोबत मी. एवढी चांगली परीक्षा मला शोधूनही सापडली नसती, असं मला वाटलं. मावशीसाठी काळजी वगैरे वाटली नाही, ते खरं सांगते; ती सारखीच आजारी असते.

दवाखाना भरलेला. आमचा नंबर आला. काशीराम म्हणाले, काय होतंय? मावशी म्हणाली, पोटात वारा धरलाय, घाम सुटतो. छातीत दुखतं? नाही. बरं बरं बरं. टोपण उघडलं. गोळी लिहिली. चिठ्ठी फाडली, मावशीच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारायला बेलवर हात ठेवला. मी मनातल्या मनात सायकलवर बसले होते, आगाशीच्या उताराला लागले होते.

बेल वाजली नाही. काशीरामनी मावशीच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं.

“मावशी, उपासात काय सोडलंत?”

मावशी अशी बघायला लागली जणू त्यांनी तिच्या पेटीला हात घातलाय. “ते देवाला ठाऊक.”

“देवाकडे कार्डिओग्रामचं मशीन नाही. विरारला आहे. मला सांगा.”

मावशी चिठ्ठीशी चाळा करत बसली. बाहेरची माणसं खोकत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “क्रुसाची वाट सोडली. चौदा ठिकाणी गुडघे टेकायचे, चौथ्यालाच जीव कासावीस होतो. बसून म्हणते. टोपली पण सोडली, धाकटी नेते. परवापासून अंघोळीचं पाणी स्वतः घेत नाही. सगळं देवाला दिलं.”

काशीरामनी चिठ्ठी परत घेतली आणि फाडली. ‘बरं’ एकदाही म्हणाले नाहीत. पाय दाबून पाहिले, बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग पाठीला नळी लावली, आणि उरलेल्या माणसांना सोडून स्वतःच्या स्कूटरवरून पुढे, आम्ही मागे रिक्षात, विरारला. मशीनच्या लांब कागदावर जी रेघ आली ती मला कळली नाही, पण काशीरामचा चेहरा कळला. झटका दोन-तीन दिवसांपूर्वीच येऊन गेलेला, छातीत पाणी धरायला लागलेलं. संध्याकाळच्या आत मावशी मुंबईच्या हॉस्पिटलात होती. ईस्टर तिचा तिथेच झाला. पाचव्या आठवड्यात ती घरी आली, बारीक होऊन, पण तोंड तसंच.

त्या दिवशी विरारहून परतताना मी डॉक्टरांकडे गेले. ते वाडीत केळीची सुकी पानं काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मावशीची नाडी, पाय, श्वास, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, काशीराम नेमकं काय म्हणाला, तसंच म्हण. मी काशीराम केले. ‘मावशी, उपासात काय सोडलंत?’ करताना ऐकू आलं की काशीरामनी ते घाईत म्हटलंच नव्हतं. सावकाश, शेवटी घसा खाकरून, थेट डॉक्टर प्लासिडसारखं म्हटलं होतं. डॉक्टरांनी परत म्हणायला लावलं. मग केळीच्या खोडाला हात टेकून उभे राहिले.

“हरलीस,” ते म्हणाले.

मी विचारलं, शेवटचं एकदा म्हणू का, जेवणाचं?

त्यांनी खोडावरचा हात काढला. मला वाटलं, हो म्हणतील. माझा श्वासही भरून तयार होता.

“नको,” ते म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने एकाच ताटाचा आवाज आला.

वर्ग चालू आहे. काशीराम आता आणखी दोघांना धरून आणतात, म्हणजे तीन खुर्च्या भरतात, नऊ रिकाम्या. सायकलच्या खेपा बाराच. मी फक्त बायजा करते. गुरुवार सोडून इतर दिवशी डॉक्टर माझ्याशी हवापाण्याचं बोलतात आणि दारात उभे राहत नाहीत.

आल्बिना मावशीला मी सगळं समजावून सांगितलं. ती मान हलवते, काशीरामला दुवा देते, आणि दवाखान्याच्या खिडकीवरून अजूनही क्रुसाची खूण करून जाते. परवा विहिरीवर चारजणींसमोर मी तिला म्हटलं, मावशी, तो आवाज माझाच होता गं. ती म्हणाली, मग काढून दाखव. चौघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी कळशी उचलली आणि घरी आले.